बालवाडीची नोकरी सांभाळून पदवी करता येईल का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावा म्हणून थोडक्यात पुन्हा मांडते. तुमचं वय २९, शिक्षण बारावी कला. तालुक्याच्या गावी खासगी शाळेच्या शिशुवर्गात पाच वर्षं शिकवताय, वर्गात ३४ मुलं आहेत. घरी चार वर्षांची मुलगी, नवरा आणि सासूबाई. बालशिक्षणात पदवी घ्यायची मनापासून इच्छा आहे. शाळेतल्या एक बाई म्हणाल्या की नोकरी करून हे होत नसतं, तीन वर्षं घरी बस आणि शीक. म्हणून तुम्ही विचारलंत, ‘नोकरी सोडू का? नाही सोडली तर वेळ कुठून आणू? आणि आता माझं वय झालं का?’

मी नाशिकला एका बालवाडीत मदतनीस म्हणून लागले त्याला आता २३ वर्षं झाली. मुलांची नाकं पुसणं, डबे उघडून देणं, सतरंज्या झटकणं इथून सुरुवात केली. पदविका आणि पदवी, दोन्ही नोकरी करतच केल्या. आज शिक्षिकांना शिकवते, त्यातल्या बहुतेक जणी तुमच्यासारख्याच नोकरीतल्या असतात. त्यामुळे जे सांगते आहे ते थोडं माझ्या अनुभवातून आणि बरंचसं त्यांच्याकडे बघून.

आधी उत्तर देते, मग कारणं. नोकरी सोडू नका. पण आज जशी करताय तशीच ठेवून वर अभ्यासाचं ओझं चढवलंत, तर सहा महिन्यांत दोन्हींचा कंटाळा येईल. अभ्यास नोकरीच्या आत शिरला पाहिजे. तो कसा, हे खाली सविस्तर लिहिते, कारण सगळं त्यावरच आहे. वेळेचा प्रश्न खरा आहे, पण तो दुसरा. पहिला प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत, तो म्हणजे कुठला कागद हवाय आणि कशासाठी.

‘बालशिक्षणाची पदवी’ असं आपण म्हणतो खरं, पण त्या नावाखाली चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी येतात. एसएनडीटी महिला विद्यापीठासारख्या ठिकाणी गृहविज्ञानात ‘मानव विकास’ हा विषय पदवीला शिकता येतो. फार चांगलं शिक्षण आहे ते, पण रोज वर्गात बसायचं, हजेरी द्यायची. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमांतली पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे, तीही नियमित वर्गांची. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची म्हणजे इग्नूची बालसंगोपन आणि शिक्षणाची पदविका बारावीनंतर घरून करता येते. आणि आपल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून मराठी माध्यमात बी.ए. करता येतं, पण ती सर्वसाधारण पदवी आहे, बालशिक्षणाची नव्हे. नोकरी करणाऱ्या बाईला माझा सल्ला बहुतेक वेळा एकच असतो: आधी बालशिक्षणाची पदविका, मग सावकाश मुक्त विद्यापीठाची पदवी. २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे, तेव्हा ‘दोन्ही एकदम उरकते’ असं तुमच्या मनात येईल. चार वर्षांची मुलगी घरात असताना तसं करू नका.

आता कशासाठी, हे बघा. पुढे पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर त्यासाठी डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते. बालशिक्षणाच्या पदविकेवर ते दार उघडत नाही. हे न कळल्यामुळे दोन वर्षं खर्च करून बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, फार वाईट वाटतं. अंगणवाडी सेविका व्हायचं असेल तर बारावी आणि त्याच गावची रहिवासी असणं या अटी तुम्ही आजच पूर्ण करत असाल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तर सेविकांच्या शिक्षणाची सोय कामावर असतानाच सांगितली आहे. बारावी किंवा जास्त शिकलेल्यांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका, तेही दूरस्थ पद्धतीने, महिन्यातून निदान एकदा प्रत्यक्ष वर्ग घेऊन. मुख्यसेविकेच्या, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणारीच्या जागेवर नजर असेल तर तिथे पदवी विचारली जाते, म्हणून बी.ए. हवंच. पाळणाघरांकडे ओढा असेल तर २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात बदल होऊन ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. त्या कामात तीन वर्षांखालच्या बाळांची समज लागते आणि ती पदविकेच्या अभ्यासात मिळते.

आणि आहे त्याच शाळेत पगार वाढावा म्हणून शिकत असाल, तर स्पष्ट सांगते, वाढेलच असं धरून चालू नका. छोट्या खासगी शाळा बहुतेकदा कागदाला पैसे देत नाहीत. कागद दुसऱ्या शाळेत जाताना उपयोगी पडतो.

इथे माझी एक चूक सांगते. सत्ताविसाव्या वर्षी मी शहरातल्या एका खासगी संस्थेचा ‘मॉन्टेसरी टीचर ट्रेनिंग’चा वर्षभराचा वर्ग केला. फी हप्त्याहप्त्याने भरली, शिकवलंही बऱ्यापैकी. प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का होता. पुढच्या प्रवेशाला ते घेऊन गेले तेव्हा खिडकीवरच्या माणसाने विचारलं, हे कुठल्या विद्यापीठाचं? ते कुठल्याच विद्यापीठाचं नव्हतं. तेव्हा फी भरण्याआधी एवढंच विचारा की प्रमाणपत्रावर सही कुणाची असणार आणि त्या संस्थेला मान्यता कुणाची आहे. उत्तर तोंडी घेऊ नका. दूरस्थ अभ्यासक्रम असेल तर अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव आणि त्या वर्षाची मान्यता स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आता वेळ. याचा हिशोब कागदावर करायला मी प्रत्येकीला लावते, कारण मनातल्या मनात केला की तो एक तर फार सोपा वाटतो, नाही तर अशक्य. इग्नूची पदविका ३२ श्रेयांकांची आहे, आणि तिथे एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. म्हणजे ९६० तास झाले. कमीत कमी मुदत एक वर्षाची, तेव्हा आठवड्याला सुमारे साडेअठरा तास. रविवार धरून रोजचे अडीच तासांहून जास्त. चौतीस मुलं सांभाळून घरी आलेल्या बाईला हे झेपत नाही. ज्यांनी करून दाखवलं त्यांच्या घरी स्वयंपाक दुसरं कुणीतरी करत होतं. हेच दोन वर्षांत पसरलं की आठवड्याला सव्वानऊ तास होतात, ते जमतं. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक, म्हणजे ३,६०० तास. तीन वर्षांत आठवड्याला २३ तास, पाच वर्षांत १४ च्या आत. मुक्त विद्यापीठं जास्तीची मुदत देतात ती याचसाठी. ती घेण्यात कमीपणा नाही, उलट पहिल्या दिवसापासून तीच मुदत धरून चला.

यातला बराच वेळ तुम्ही आजच कामावर घालवता, आणि नोकरी सोडू नका म्हणते ते यामुळेच. बालविकासाच्या पुस्तकातलं जवळजवळ प्रत्येक पान तुमच्या वर्गात रोज सकाळी नऊ ते बारा घडत असतं. घरी बसून शिकणारीला ‘समांतर खेळ’ म्हणजे काय हे पाठ करावं लागतं. तुमच्यासमोर दोन मुलं एकाच वाळूत, एकमेकांकडे पाठ करून, आपापला डोंगर रचत बसलेली असतात. फक्त ते पाहून लिहून ठेवायची सवय हवी.

म्हणून माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीला मी पहिल्या दिवशी एक वही करायला सांगते. निरीक्षण वही. एका वेळी एकच मूल, रोज चार ओळी, पंधरा दिवस. मग दुसरं मूल. सगळ्या ३४ मुलांचं लिहायला गेलात तर तिसऱ्या दिवशी वही बंद पडेल. आणि लिहायचं ते दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच, मत नाही. ‘रडका आहे’ हे मत झालं. ‘आई गेल्यावर दाराशी उभा राहिला, डबा खायची वेळ होईपर्यंत दप्तर पाठीवरून काढू दिलं नाही, ताटलीचा आवाज आल्यावर वळून बघितलं’ ही नोंद झाली. हा फरक सांगायला सोपा आहे, हातात बसायला मात्र दोन महिने लागतात. एकदा बसला की परीक्षेतले निम्मे प्रश्न तुमच्यासाठी सोपे होतात, आणि शिक्षिका म्हणून तुम्ही बदलता ते वेगळंच.

एक उदाहरण देते. माझ्या वर्गात साडेतीन वर्षांचा एक मुलगा होता, सहा आठवडे एक शब्द बोलला नाही. सगळ्या म्हणत होत्या, याला डॉक्टरला दाखवा. मी तेव्हा पदविकेच्या पहिल्या वर्षाला होते, म्हणून त्यालाच वहीसाठी घेतलं. चौथ्या दिवसाची नोंद अशी होती की पाण्याच्या बाटल्यांची झाकणं गोळा करून त्याने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावली. सातव्या दिवशी: ‘पाणी पी’ म्हटलं तर हलला नाही, पण मी पेला दाखवला की लगेच आला. नवव्या दिवशी आमच्या बालवाडीतल्या मदतनीस मावशी जवळून जाताना अहिराणीत काहीतरी म्हणाल्या आणि तो खुदकन हसला. घरी चौकशी केली तेव्हा कळलं, कुटुंब नुकतंच धुळ्याकडून आलेलं, घरात अहिराणीच. मुलाला ऐकायला नीट येत होतं, समज तर वयापेक्षा पुढची होती. आमची भाषा त्याच्या घरची भाषा नव्हती, एवढंच. मावशींना मी त्याच्याजवळ बसवायला लागले आणि महिन्याभरात तो मराठीत भांडायला लागला.

(इथे एक गोष्ट आवर्जून सांगते: सहा आठवडे न बोलणारं प्रत्येक मूल असंच असतं असं नाही. ऐकण्याची तपासणी करून घ्या असं मी त्याच्या आईला सांगितलंच होतं, आणि तुम्हीही सांगा. निरीक्षण हे तपासणीला पर्याय नाही.)

त्या पंधरा दिवसांच्या साठ ओळींवर माझा भाषाविकासाचा स्वाध्याय उभा राहिला, वर्गीकरण आणि क्रम लावण्याचा भाग उभा राहिला, आणि घरची भाषा या विषयावर मी आजही त्या मुलावरूनच बोलते. त्यासाठी मला वेगळा वेळ काढावा लागला नाही. पेन एप्रनच्या खिशात, वही खिडकीत. मुलं डबा खात असताना दोन ओळी आणि घरी सोडल्यावर दोन. वहीत मुलाचं खरं नाव लिहू नका, खूण ठेवा. प्रकल्पात मुलाबद्दल काही वापरायचं असेल तर पालकांची आणि मुख्याध्यापिकेची परवानगी घ्या. फोटो तर परवानगीशिवाय अजिबात नको.

आता ज्या भागावर मी सगळ्यात जास्त बायकांना अडकलेलं पाहिलं, त्यावर येते. तुम्ही शिकायला लागलात की तीन-चार महिन्यांत एक दिवस असा येईल की पुस्तकात एक लिहिलंय आणि शाळा तुम्हाला नेमकं उलटं करायला लावतेय. बहुतेकदा ते लिखाणाबद्दल असतं. शिशुवर्गातल्या साडेतीन वर्षांच्या मुलाने एबीसीडी आणि एक ते पन्नास लिहावं असं पालकांना वाटतं, पालकांना वाटतं म्हणून शाळेला वाटतं. तुम्ही वाचाल की मनगटातली आठ हाडं जन्माच्या वेळी कूर्चेची असतात आणि ती एकेक करत बऱ्याच वर्षांत टणक होतात. चिमटीची पकड तयार व्हायला माती मळणं, मणी ओवणं, कागद फाडणं हे आधी लागतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वयाचा एकच पायाभूत टप्पा मानलाय आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर दिलाय. हे सगळं वाचून तुम्ही वर्गात जाल आणि समोर ३४ वह्या गिरवायला ठेवलेल्या असतील.

माझं हे झालं तेव्हा मी पहिल्यांदा चुकीच्या पद्धतीने बोलले. शिक्षकांच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले की आपण मुलांचे हात बिघडवतोय. मुख्याध्यापिका बाईंचा चेहरा उतरला आणि वर्षभर माझं कुठलंच म्हणणं त्यांनी ऐकलं नाही. आज त्यांची बाजूही कळते. त्यांना शाळा चालवायची होती, शेजारच्या शाळेत मुलं जातील ही भीती होती. पुढच्या वर्षी मी वेगळं केलं. बाईंकडे एकटीने गेले आणि फक्त वीस मिनिटं मागितली. लिखाणाच्या तासाआधी वीस मिनिटं हाताचं काम: कणकेचे गोळे, दोरीला कपड्यांचे चिमटे लावणं, चिंचोके चिमटीने उचलून बाटलीत टाकणं. लिखाण बंद करा असं म्हटलंच नाही. दर महिन्याला प्रत्येक मुलाचं एक चित्र तारीख घालून जपून ठेवलं. डिसेंबरच्या पालकसभेत जुलैचं आणि नोव्हेंबरचं चित्र शेजारी शेजारी लावलं. आया स्वतःच बोलायला लागल्या, ‘बघा, आता माणसाला हात आले, बोटं आली.’ त्यानंतर पन्नासपर्यंतचं लिखाण वीसवर आलं. पूर्ण बंद झालं नाही, मी त्या शाळेत होते तोवर झालं नाही. पण वीस मिनिटांची पाऊण तास झाली.

हे एवढं सविस्तर सांगते कारण नोकरी करत शिकण्यातला खरा थकवा वेळेचा नसतो. सकाळी एक करायचं आणि रात्री त्याच्या उलटं वाचायचं, याने बायका आतून थकतात. काही जणी अभ्यास सोडतात, काही नोकरी. तुमच्यावर ती वेळ आली तर वर्गातली एकच गोष्ट निवडा, छोटीशी, जी बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. बसण्याची रचना, गोष्ट सांगायची वेळ, डबा खाताना मुलांशी काय बोलता ते. तिथून सुरुवात करा.

मात्र शाळेत मुलांना मारत असतील, कोंडून ठेवत असतील, तर मात्र माझं ‘नोकरी सोडू नका’ हे उत्तर लागू नाही. तिथे राहून जे बघावं लागेल त्यातून शिक्षण होत नाही. दुसरी शाळा बघा, पगार थोडा कमी असला तरी. आणखी एक परिस्थिती: तुम्ही पुण्या-मुंबईत असता, घरात दुसरी कमाई पुरेशी असती आणि जवळच प्रयोगशाळा-बालवाडी (विद्यार्थिनींना निरीक्षण करायला महाविद्यालयाचीच बालवाडी) असलेलं गृहविज्ञानाचं महाविद्यालय असतं, तर मी म्हटलं असतं की पूर्ण वेळ शिका. कारण तिथे तुमच्या निरीक्षणावर रोज कुणीतरी अनुभवी नजर टाकतं, ती गोष्ट दूरस्थ शिक्षणात कमी मिळते. तुमच्या गावी तो पर्याय नाही असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. मग ती नजर दुसरीकडून मिळवा. महिन्यातून एकदा वही कुणालातरी दाखवा: अभ्यासकेंद्रावर मार्गदर्शन करणाऱ्या समंत्रकांना, निवृत्त बालवाडी शिक्षिकेला, नाही तर शेजारच्या अंगणवाडीच्या चांगल्या सेविकेला. सेविकांना मुलांचं वजन-उंची, आहार, लसीकरण, गृहभेटी यातलं जे कळतं ते आपल्या खासगी बालवाड्यांतल्या शिक्षिकांना फारसं कळत नाही. पदविकेत आरोग्य आणि पोषणावर स्वतंत्र पुस्तक आहे. ते वाचण्याआधी एक दिवस गावातल्या अंगणवाडीत जाऊन वजनं कशी घेतात ते बघून या.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण अडचण येणार आहे म्हणून लिहिते. इग्नूची पुस्तकं हिंदीत किंवा इंग्रजीत मिळतात. माझी हिंदीत होती. पहिले दोन महिने मला वाटायचं की मला विषय कळत नाही. खरं तर शब्द कळत नव्हते. मग मी वहीच्या मागच्या पानांवर आपले शब्द लिहायला लागले. ‘वस्तु स्थायित्व’ असा शब्द आला. त्यापुढे लिहिलं: तोंडावर पदर घेऊन आपण ‘बुवा... कुक!’ करतो तेव्हा पदराआड आई आहेच हे बाळाला कळतं, ते. मग तो शब्द कधी विसरला नाही. प्रत्येक संकल्पनेपुढे एक मराठी वाक्य आणि वर्गातलं एक मूल, एवढं केलंत तर परीक्षेत उदाहरणं शोधावी लागणार नाहीत.

वर्षाचं वेळापत्रक मात्र आधीच नीट बघा, इथे फसगत होते. इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. आपल्याकडे जून म्हणजे शाळा सुरू, नवी मुलं, पहिले पंधरा दिवस रडारड, कडेवर एक आणि बोट धरून दोन. डिसेंबर म्हणजे स्नेहसंमेलनाची तालीम. म्हणजे शाळेला तुमची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच तुमची परीक्षा. म्हणून सगळे पेपर एकाच सत्रात घेऊ नका, दोन सत्रांत वाटा. आणि मुख्याध्यापिकेकडे एप्रिलमध्येच लेखी अर्ज द्या: परीक्षेच्या दिवसांची रजा आणि वर्गात निरीक्षण करायची परवानगी. त्या वेळी पगाराचा विषय काढू नका, दोन मागण्या एकत्र आल्या की दोन्ही नाकारल्या जातात. मे महिन्याची सुट्टी मोकळी दिसते, पण तेव्हा मुलं नसतात. प्रकल्पाची निरीक्षणं मार्चच्या आत झाली पाहिजेत, मे फक्त लिहून काढायला.

घरच्या बाबतीत मी परकी, म्हणून थोडंच बोलते. सासूबाईंना आणि नवऱ्याला ‘मी शिकतेय, सांभाळून घ्या’ असं मोघम सांगू नका. नेमकं सांगा. मंगळवार, गुरुवार संध्याकाळी साडेसात ते नऊ मुलगी तुमच्याकडे, आणि रविवारी सकाळी दोन तास. म्हणजे आठवड्याचे पाच तास झाले. उरलेले सव्वाचार पहाटेचे आणि शाळेतल्या वहीचे. मी पहाटे पाच ते सव्वासहा बसायचे. तुमची मुलगी लवकर उठणारी असेल तर पहाट विसरा, तिच्यावर चिडण्यात अभ्यास जातो. आणि तिलाच प्रकल्पाचं मूल करू नका. आईची नजर आणि निरीक्षकाची नजर एकाच मुलावर ठेवणं फार अवघड असतं, मुलीलाही ते जाणवतं.

वय झालं का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या अनुताई वाघ तेराव्या वर्षी विधवा झाल्या, शिक्षिकेची नोकरी करत रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांबरोबर कामाला लागल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी आणि कुरणशाळा (गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणाऱ्या शाळा) चालवल्या. आज देशभर जो ‘अंगणवाडी’ शब्द चालतो, तो या दोघींच्या कामातून आलेला आहे. पदवी अनुताईंनी घेतली ती वयाच्या ५१ व्या वर्षी, हे सगळं काम चालू असताना. तुम्ही २९ च्या आहात.

प्रवेश जानेवारी आणि जुलै असे दोनदा होतात. लगेच अर्ज भरू नका. उद्या शाळेत गेल्यावर एक मूल निवडा, शक्यतो ज्याच्याकडे आजवर तुमचं फारसं लक्ष गेलं नाही असं, ना हुशार ना खोडकर. पंधरा दिवस चार-चार ओळी लिहा. मधले दोन-तीन दिवस चुकले तरी चालतील. पंधरा दिवसांनी ती पानं वाचताना या मुलाबद्दल आणखी काही वाचावं असं वाटलं, तर अर्ज भरा. आणि लिहिताना कुठे अडलात, नोंद कुठली आणि मत कुठलं हे कळेना, तर त्या चार ओळी इथेच लिहा. मुलाचं नाव न घालता. मी वाचून सांगेन.